रेजिमेंट मोडली, तरी हजेरीपट चालूच

२३ एप्रिल १९६८ रोजी ब्रिटिश लष्कराच्या यादीतून लँकेशायर फ्युजिलिअर्स हे नाव गेलं. २८० वर्षं चाललेली ही पायदळ रेजिमेंट आणखी तीन फ्युजिलिअर रेजिमेंटींबरोबर एकत्र केली गेली आणि रॉयल रेजिमेंट ऑफ फ्युजिलिअर्स ही नवी रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे जुन्या रेजिमेंटचा बिल्ला टोपीला लावलेला सगळ्यात तरुण सैनिकसुद्धा आज पंच्याहत्तरीच्या आसपास असणार. तरीही मँचेस्टरच्या उत्तरेला असलेल्या बेरी या गावात दरवर्षी २५ एप्रिलच्या जवळच्या रविवारी बँड वाजतो, कोटावर पदकं लावलेली म्हातारी माणसं पावलाला पाऊल जुळवत रस्त्याने जातात, चर्चमध्ये प्रार्थना होते आणि १९१५ साली तुर्कस्तानच्या एका वाळूच्या पट्ट्यावर पडलेल्यांची आठवण काढली जाते. त्या मेलेल्यांना डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणीही हयात नाही.

हे चालतं कसं? देशप्रेम, परंपरा ही उत्तरं खोटी नाहीत, पण त्यातून हाती काही लागत नाही. कुणीतरी याद्या ठेवतं, कुणीतरी झेंडा सांभाळतं, कुणीतरी बिगुलवाला शोधून आणतं, कुणीतरी दगडावरचं शेवाळ घासतं. ही कामं नेमून दिलेली असतात आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे जातात. ब्रिटिश रेजिमेंट आपल्या मेलेल्यांना कशी लक्षात ठेवते हे समजून घ्यायचं, तर आधी ही कामांची वाटणी समजून घ्यायला हवी.

रेजिमेंट लढायला जात नाही

पहिला घोटाळा इथेच होतो. लढायला जाते ती बटालियन, आपल्याकडे जिला पलटण म्हणतात ती. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका पलटणीत साधारण हजार माणसं असत. रेजिमेंट म्हणजे अशा अनेक पलटणींच्या डोक्यावरचं छत्र: नाव, बिल्ला, निशाणं, भरतीचा मुलूख आणि लढलेल्या लढायांची यादी. पलटणी वाढतात, घटतात, मोडतात; रेजिमेंट चालू राहते.

लँकेशायर फ्युजिलिअर्स १६८८ साली उभी राहिली. पुढे तिला पायदळाची २०वी रेजिमेंट असा क्रमांक मिळाला आणि शंभरेक वर्षं तिचं नातं लागत होतं ते इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाच्या डेव्हन परगण्याशी. १८८१ च्या फेररचनेत क्रमांक रद्द झाले, प्रत्येक रेजिमेंटला एकेक मुलूख वाटून दिला गेला आणि २०वीच्या वाट्याला लँकेशायर आलं. मुख्य ठाणं बेरीला. तेव्हापासून बेरी, रॉचडेल, सॅलफर्ड, मिडलटन इथल्या कापड गिरण्यांतली आणि कोळशाच्या खाणींतली पोरं या रेजिमेंटमध्ये जाऊ लागली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीतल्या गावागावांत मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेली दोन-तीन पिढ्यांची घरं असतात. त्यामुळे हे नातं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

एकाच मुलखातून भरती करण्याची किंमतही तशीच मोजावी लागते. १९१४ साली सरकारनेच आवाहन केलं की मित्रांनी, शेजाऱ्यांनी, एकाच कारखान्यातल्या कामगारांनी मिळून भरती व्हावं, त्यांना एकाच पलटणीत ठेवू. सॅलफर्डमधून अशा चार पलटणी भरल्या, त्या लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या १५वी, १६वी, १९वी आणि २०वी झाल्या. १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, यातल्या १५वी आणि १६वीने थीपवाल गावावर हल्ला केला. जर्मन मशिनगनांपुढे त्यांची अक्षरशः कत्तल झाली आणि सॅलफर्डच्या गल्ल्यांमध्ये दारोदार मृत्यूची पत्रं येऊ लागली. त्यामुळे रेजिमेंटचं स्मरण आणि गावाचं स्मरण या दोन गोष्टी त्या मुलखात वेगळ्या काढताच येत नाहीत.

रेजिमेंटचं पंचांग

प्रत्येक रेजिमेंटला तिचं स्वतःचं पंचांग असतं. देशाचा स्मरणदिन सगळ्यांना एकच, नोव्हेंबरचा दुसरा रविवार. त्या दिवशी लंडनच्या सेनोटाफ या राष्ट्रीय युद्धस्मारकापाशी राजापासून सगळे येतात. पण रेजिमेंटच्या माणसाला खरी ओढ असते ती आपल्या तिथीची.

लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या तिथी दोन. पहिली १ ऑगस्ट, मिंडनची. १७५९ साली जर्मनीतल्या मिंडनपाशी सहा ब्रिटिश पायदळ रेजिमेंटी समोरून येणाऱ्या फ्रेंच घोडदळावर चालून गेल्या आणि जिंकल्या. जाता जाता सैनिकांनी कुंपणावरचे गुलाब तोडून टोप्यांत खोचले, अशी कथा आहे. म्हणून त्या दिवशी आजही टोपीला गुलाब लावतात. फ्युजिलिअर्सच्या अधिकाऱ्यांच्या मेजवानीत तर ज्याने आधी कधी खाल्ला नाही त्याने मिंडनचा गुलाब खायचा असतो, शॅम्पेनमध्ये बुडवून. ऐकायला हा पोरखेळ वाटतो, पण बावीस वर्षांच्या नव्या अधिकाऱ्याला अडीचशे वर्षांपूर्वीची लढाई एरवी कशी लक्षात राहणार? शिकागोच्या ब्रिटिश वकिलातीत अनेक वर्षं १ ऑगस्टला सहा लाल गुलाब येत, पाठवणारा निनावी. सहा रेजिमेंटींचे सहा.

मिंडनच्या साध्या शिपायांची नावं मात्र कुठल्याही दगडावर नाहीत. त्या काळात स्मारक उभं राहायचं ते सेनापतीचं, फार तर चर्चच्या भिंतीवर एखाद्या अधिकाऱ्याची संगमरवरी पाटी. शिपायांना एका खड्ड्यात पुरायचे आणि पुढे कूच करायचे. शिपायाचंही नाव कोरायचं ही रीत रुजली ती १८९९ ते १९०२ च्या, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर. त्या युद्धात स्पायन कॉप नावाच्या टेकडीवर लँकेशायरची बरीच पोरं गेली. लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानातल्या ‘कॉप’ स्टँडचं नाव त्या टेकडीवरूनच पडलं. आज तिथे गाणी म्हणणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

दुसरी तिथी २५ एप्रिल, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा या रेजिमेंटची १ली पलटण कराचीत होती, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यात. तिथून ती इंग्लंडला परतली आणि तिथून गॅलिपोलीला निघाली. २५ एप्रिल १९१५ ला पहाटे युरियालस या युद्धनौकेवरून माणसं होड्यांत उतरली. लाँचच्या मागे दोराने बांधलेल्या होड्यांच्या रांगा किनाऱ्याकडे निघाल्या. पुढे लहानसा वाळूचा पट्टा, दोन्ही बाजूंना चढ, आणि काठालगत तुर्कांनी रोवलेलं तारांचं कुंपण. होड्या टेकेपर्यंत समोर सगळं शांत होतं. मग वरून गोळ्या सुरू झाल्या. पाण्यात उडी मारलेल्यांच्या पाठीवर जड पिशव्या होत्या, बंदुकांत वाळू गेली, तारा तोडायला पुढे गेलेले तारांवरच लटकले. पलटणीतली निम्म्याहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, पण सकाळ सरायच्या आत पट्टा हाती आला. पुढे त्या जागेचं नावच लँकेशायर लँडिंग पडलं.

त्या सकाळसाठी सहा व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक) दिले गेले आणि ‘नाश्त्याआधी सहा व्हीसी’ ही म्हण रेजिमेंटमध्ये कायमची रुळली. यामागे एक चमत्कारिक नियम आहे. सगळ्याच तुकडीने सारखं शौर्य दाखवलं असेल तर कुणाला निवडायचं हे त्या तुकडीनेच मतदानाने ठरवावं, असं त्या पदकाच्या सनदेत लिहिलेलं आहे. एक पदक घेणारा सगळ्यांच्या वतीने घेतो. वरच्या कचेरीने आधी बरीच खळखळ केली. ऑगस्ट १९१५ मध्ये विलिस, रिचर्ड्स आणि केनीली या तिघांची नावं जाहीर झाली, उरलेल्या तिघांची, म्हणजे ब्रॉमली, स्टब्ज आणि ग्रिमशॉ यांची, थेट मार्च १९१७ मध्ये. तोवर स्टब्ज त्या सकाळीच मेला होता, केनीली जूनमध्ये जखमांनी गेला होता, आणि ब्रॉमली ज्या जहाजातून परत आघाडीवर येत होता ते पाणबुडीने बुडवलं होतं. ग्रिमशॉला आधी खालच्या दर्जाचं पदक मिळालं होतं, ते बदलून व्हीसी दिला गेला. तो १९८० पर्यंत जगला.

बेरीत या सगळ्याचं स्मारक २५ एप्रिल १९२२ रोजी उघडलं. पांढऱ्या पोर्टलंड दगडाचा उंच चौकोनी स्तंभ, दोन्ही बाजूंना दगडातच कोरून रंगवलेली निशाणं. रचनाकार एडविन ल्युटियन्स, म्हणजे ज्याने नवी दिल्ली आखली तोच. त्याचे वडील याच २०व्या रेजिमेंटमध्ये होते आणि त्याचा एक चुलत आजोबा सेंट हेलिना बेटावर नजरकैदेतल्या नेपोलियनवर देखरेख करायच्या कामावर होता. पहिल्या महायुद्धात या एका रेजिमेंटची तेरा हजारांहून अधिक माणसं मेली. एवढी नावं त्या स्तंभावर मावणार नव्हतीच.

देह घरी का आला नाही

मग ती तेरा हजार माणसं आहेत कुठे? तर जिथे पडली तिथे, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये, तुर्कस्तानात. देह मायदेशी आणायचे नाहीत हे ब्रिटनने १९१५ मध्येच ठरवून टाकलं. त्याला निमित्त झालं ते माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचं. तो एप्रिल १९१५ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला आणि घराण्याने वशिला लावून त्याचा देह घरी आणला. बड्या घरचा मुलगा परत येणार आणि गिरणी कामगाराचा परक्या चिखलात राहणार, हे दिसायला फारच वाईट होतं. त्यानंतर बंदी आली.

मे १९१७ मध्ये इम्पिरिअल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं, आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. फॅबियन वेअर या माणसाच्या हट्टातून ते उभं राहिलं. त्याचं तत्त्व एका ओळीत सांगता येतं: सेनापती असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. उंची ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८. त्यावर वर रेजिमेंटचा बिल्ला, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख. खाली कुटुंबाला हव्या त्या मजकुरासाठी ६६ अक्षरांची जागा. त्याचेही अक्षरामागे साडेतीन पेन्स लावले होते, ते पुढे ऐच्छिक केले. विधवा पेन्शनवर पोरं वाढवणारी बाई पैसे वाचवायला कोणता शब्द गाळायचा हे मोजत बसली असेल, हा विचार मनातून जात नाही.

सगळ्यांना हे पटलं नाही. हजारो आयांनी अर्जावर सह्या केल्या: निदान क्रूस तरी उभारू द्या, मुलगा आमचा आहे, सरकारचा नाही. १९२० च्या मे महिन्यात संसदेत यावर कडाडून वाद झाला आणि कमिशनचीच बाजू राहिली. माझ्या मते त्या आयांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आज त्या दगडांच्या रांगांमधून फिरताना कुणाचा बाप श्रीमंत होता हे ओळखता येत नाही, आणि तेही काही थोडं नाही.

आता रिवाज बदलला आहे. मेलेल्याला घरी आणतात. २००७ ते २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्या शवपेट्या विमानतळावरून जाताना वूटन बॅसेट या छोट्या गावातून जात. आधी दोन-चार माजी सैनिक रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, मग सगळं गाव उभं राहू लागलं. कुणीही हुकूम काढलेला नव्हता.

नाव भिंतीवर चढतं आणि कधीकधी उतरतंही

ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावं भिंतींवर आहेत. गॅलिपोलीत हेलेसच्या स्मारकावर वीस हजारांहून अधिक, त्यात त्या सकाळी मेलेला स्टब्जही आहे. सोमच्या रणभूमीवर थीपवालला ७२ हजारांच्या वर. थीपवालची अवाढव्य विटांची कमानही ल्युटियन्सचीच. ती उघडली गेली १ ऑगस्ट १९३२ ला, म्हणजे मिंडनच्या दिवशी. हा योगायोगच, पण फ्युजिलिअर्सच्या नजरेतून तो सुटला नसणार. तिथली नावं रेजिमेंटवार लावलेली आहेत. लँकेशायर फ्युजिलिअर्सची नावं ३ क्रमांकाच्या खांबावर, सी आणि डी या बाजूंना. मान वर करून वाचावं लागतं, एवढी उंच गेलेली यादी आहे.

इतकी माणसं बेपत्ता का राहिली? तोफखान्याने देहांच्या चिंध्या केल्या हे एक कारण. दुसरं कारण फारच क्षुल्लक आहे. सप्टेंबर १९१६ पर्यंत शिपायाच्या गळ्यात ओळखीची एकच चकती असे. सोबती मेला की मृत्यूचा पुरावा म्हणून ती चकती काढून कचेरीत द्यायची. कचेरीत नाव पक्कं झालं, पण देह बिनओळखीचा उरला. नंतर कुणी त्याला पुरलं तर दगडावर लिहायचं काय? एक देहाबरोबर ठेवायची, एक काढून न्यायची, अशा दोन चकत्या द्यायला सुरुवात झाली ती सोमवर हजारो लोक बेनाव झाल्यावर. त्याही दाबलेल्या तंतूंच्या, ओल्या मातीत कुजणाऱ्या.

आजही फ्रान्समध्ये रस्ता खणताना, शेत नांगरताना सांगाडे निघतात. मग ब्रिटनच्या संरक्षण खात्यातला एक छोटा विभाग कामाला लागतो. बटणं, खांद्यावरची पितळी अक्षरं, चमच्यावर कोरलेला नंबर यांवरून रेजिमेंट ओळखतात. पलटणीच्या रोजनिशीवरून त्या तारखेला तिथे कोण होतं ते काढतात. मग वंशज शोधून डीएनए जुळवतात. नाव सापडलं की वारस रेजिमेंटचे तरुण सैनिक ती पेटी खांद्यावर घेतात आणि शंभर वर्षांनी लष्करी इतमामाने दफन होतं. त्यानंतर भिंतीवरचं नाव काढून टाकतात, कारण भिंत आहे ती फक्त न सापडलेल्यांची.

पलटणीच्या रोजनिशीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कोणता अधिकारी मेला, कोणता जखमी झाला, हे त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. शिपायांच्या बाबतीत नुसता आकडा: ‘इतर हुद्दे’ इतके. शिपायाची स्वतःची सेवानोंद वेगळी असे, पण सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बाँब पडले तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या साठ टक्क्यांच्या आसपास नोंदी जळून गेल्या. उरलेल्या कडेने करपलेल्या, पाण्याने फुगलेल्या. म्हणून आपल्या पणजोबाचा शोध घेणारा लँकेशायरचा माणूस पदकांच्या नोंदपत्रांवर, रेजिमेंटच्या संग्रहालयातल्या फोटोंवर आणि जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांवर अवलंबून असतो. बेरीचं फ्युजिलिअर संग्रहालय हे काम करतं. घरच्या कपाटात बहुतेकांना सापडते ती हाताच्या पंज्याएवढी काशाची तबकडी. सरकारने प्रत्येक मेलेल्याच्या घरी ती पाठवली होती, जवळजवळ साडेतेरा लाख. तिच्यावर नाव आहे, हुद्दा मुद्दामच नाही. लोकांनी तिला ‘मेलेल्याचा पैसा’ असं कडवट नाव दिलं.

कोण आठवायचं आणि कोण नाही, हेही काळाप्रमाणे बदलतं. पळून गेला, भ्याला म्हणून स्वतःच्याच लष्कराने गोळ्या घातलेले सैनिक नव्वद वर्षं कुठल्याही यादीत सन्मानाने नव्हते. २००६ साली अशा ३०६ जणांना संसदेने माफी दिली.

जे घरी, म्हातारपणी मेले

आतापर्यंत रणात मेलेल्यांचं झालं. पण रेजिमेंटमधली बहुतेक माणसं परत येतात, गिरणीत, बसमध्ये, पोस्टात नोकरी करतात आणि ऐंशीव्या वर्षी न्यूमोनियाने जातात. त्यांचं नाव कोणत्याच दगडावर चढत नाही. त्यांची जबाबदारी रेजिमेंटच्या माजी सैनिकांच्या संघटनेकडे, आणि हा सगळ्यात कमी दिसणारा पण सगळ्यात जास्त चालणारा भाग आहे.

गावोगावी शाखा, शाखेला सचिव. सचिवाला फोन येतो: अमका गेला, अमक्या वारी स्मशानात आहे. सचिव यादीत तारीख घालतो, मासिकात दोन ओळी पाठवतो आणि फोन फिरवायला लागतो. ध्वजधारक कोण येईल, बिगुलवाला मिळेल का. सरकारी इतमाम सेवेत असताना मेलेल्याला मिळतो; माजी सैनिकाचा अंत्यविधी घरच्यांचाच असतो, त्यात संघटना सहभागी होते. पेटीवर देशाचा झेंडा, त्यावर पदकं आणि टोपी. टोपीला तुरा. लँकेशायर फ्युजिलिअर्सचा तुरा फिकट पिवळा, बोअर युद्धातल्या कामगिरीबद्दल १९०१ च्या सुमाराला मिळालेला. आजच्या फ्युजिलिअर्सचा लाल-पांढरा. मैतीला आलेला जाणकार तुऱ्याच्या रंगावरून सांगतो की हा १९६८ च्या आधीचा.

मग शाखेचा ध्वज. सत्तरीतला ध्वजधारक पांढरे हातमोजे घालून, खांद्यावरच्या चामडी पट्ट्याच्या खोबणीत काठी टेकवून उभा राहतो. ‘लास्ट पोस्ट’ सुरू झालं की काठी हळूहळू पुढे झुकते, कापड जमिनीला लागेपर्यंत. छावणीतला दिवस संपल्याचा हा जुना बिगुल. मग शांतता. मग सकाळचा बिगुल, आणि ध्वज वर येतो. थंडीत, सांधे दुखत असताना ती जड काठी न थरथरवता खाली-वर नेणं सोपं नाही. त्यासाठी म्हातारे वेगळा सराव करतात, त्यांच्या स्पर्धासुद्धा होतात.

कुणी नातेवाईकच नसेल तर? २०१३ मध्ये लँकेशायरच्या किनाऱ्यावरच्या लिथम सेंट अ‍ॅन्स गावात हवाई दलाचा एक नव्याण्णव वर्षांचा माजी कर्मचारी वारला. अंत्यविधीला यायला फारसं कोणी नाही, अशी छोटी सूचना वर्तमानपत्रात आली. ती फिरत फिरत माजी सैनिकांच्या गटांपर्यंत पोचली आणि ११ नोव्हेंबरला शेकडो अनोळखी माणसं पावसात उभी राहिली.

त्याच वर्षी जुलैमध्ये बेरीच्या पॅरिश चर्चमध्ये, जिथे जुन्या रेजिमेंटची निशाणं लावलेली आहेत, ली रिग्बी या तरुण फ्युजिलिअरचे अंत्यसंस्कार झाले. तो मिडलटनचा, रेजिमेंटचा ढोलवाला. मे महिन्यात लंडनमध्ये भर रस्त्यात त्याची हत्या झाली होती. लँकेशायर फ्युजिलिअर्स मोडल्यानंतर तब्बल १९ वर्षांनी जन्मलेल्या या मुलाला निरोप देण्यासाठी जुने-नवे दोन्ही तुरे तिथे होते.

शाखांमधली माणसं आता कमी होत चालली आहेत. शाखा बंद करायची वेळ येते तेव्हा ध्वज फेकत नाहीत, विकत नाहीत. शेवटचा सोहळा करून तो चर्चमध्ये ठेवतात, तिथे तो विरेपर्यंत राहतो. उरलेल्या दोघा-तिघांची नावं शेजारच्या शाखेच्या यादीत जातात.

आणि आपली माणसं

आता थोडं इकडे वळू. १९४४ साली कोहिमात जपान्यांना रोखणाऱ्या ब्रिटिश २ऱ्या डिव्हिजनमध्ये लँकेशायर फ्युजिलिअर्सची एक पलटण होती. ही डिव्हिजन कोहिमाला धाडली गेली त्याआधी तिचा तळ तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या परिसरात होता. कोहिमाच्या युद्धस्मशानात १,४०० वर थडगी आहेत. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला त्यांचं स्मारक वेगळं, त्यावर ९०० हून अधिक नावं. दोन्हीकडे नावं आहेत.

पण हे सगळीकडे झालं नाही. दगड सगळ्यांना सारखा, हे तत्त्व युरोपात पाळलं गेलं. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० च्या वर हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तसं नव्हतं. तिथे १०३वी, १०५वी, ११०वी, ११४वी, ११७वी अशा मराठ्यांच्या पलटणी लढल्या. ११०वी कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी मरत होती. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांची नाहीत: पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. लँकेशायरच्या शिपायाला रोजनिशीत आकडा आणि भिंतीवर नाव मिळालं. आमच्या शिपायाला दोन्हीकडे आकडाच.

कमिशनने हे २०२१ मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालात मान्य केलं. ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, त्यात हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन सैनिक सर्वाधिक. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचं नाव घेऊन स्मरण झालंच नाही. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. माफी ठीक आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नोंदवह्या तपासून नावं बाहेर काढायचं काम सुरू झालं आहे.

ज्यांच्या घरी ‘पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ एवढीच गोष्ट शिल्लक आहे, त्यांना कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं केलेलं असतं, त्यामुळे शिंदे, सावंत, कदम हे सगळ्या शक्य तऱ्हांनी लिहून पाहावेत. आडनाव नसून नुसतं नाव आणि वडिलांचं नाव असंही सापडतं. पलटणीचा जुना क्रमांक माहीत असेल तर त्यावरून गाळणी लावावी. अनेक नोंदींत गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, तेवढ्यावरून ओळख पटते. आणि ज्यांना हे दगड जवळून बघायचे असतील त्यांनी पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानात जावं. पश्चिम आणि मध्य भारतातल्या, जिथे निगा राखणं शक्य नव्हतं अशा ठिकाणच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी तिथे आणून ठेवल्या आहेत. पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्या, आणि ज्यांच्या मूळ कबरींची निगा आता राखता येत नाही अशा, १,८०० हून अधिक सैनिकांची नावंही तिथल्या स्मारकावर आहेत. रांगेतल्या प्रत्येक दगडावर वरच्या बाजूला रेजिमेंटचा बिल्ला असतो. कोण कुठला, ते आधी त्या बिल्ल्यावरून लावायचं आणि मग नाव वाचायचं.